पाण्याची पाळी

फळ्यावर मी रोज खडूने लिहिते
आज पाण्याची पाळी कुणाची.
विहीर वसतिगृहापासून तीनशे पावलं.
मंगोलियातला जानेवारी, उणे चौतीस,
पापण्यांवर बर्फ धरतो.
दोघी दोघी, एक ढकलगाडी, एक पिंप.

मिचिदमाच्या नावापुढे दर महिन्याला तीन फुल्या.
पोट दुखतं. डोकं दुखतं. बूट ओला आहे.
कामचुकार, मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं.
ती नखं बघत राहिली.

मग एका सकाळी शेणी आणायला खोपटात गेले,
तर पोत्यांमागे, खिळ्याला,
एक फडकं. गोठून फळकुट झालेलं,
हातात घेतलं तर वाकेना.
मधोमध तपकिरी डाग,
गार पाण्यात घाईघाईनं चोळलेला.
मी ते होतं तसं ठेवलं आणि बाहेर आले,
आणि शेणीच विसरले म्हणून पुन्हा आत गेले.

मला तरी कुणी काय सांगितलं होतं?
आईनं आजोबांच्या जुन्या झग्याचं अस्तर फाडून
चार घड्या हाती दिल्या, आणि एकच वाक्य:
घोड्यावर बसताना जपून.

त्या रात्री शेगडीमागे दोरी बांधली,
पुढे चादरीचा आडोसा केला,
आणि पोरींना जवळ बसवून गप्प झाले.
अठ्ठावीस वर्षं मुली सांभाळतेय.
उवा, खरूज, घरच्या आठवणीनं रडणं,
सगळ्यावर बोललेय. यावर जीभ उचलेना.
शेवटी फडक्यापासूनच सुरुवात केली.
आधी गार पाणी, मग साबण,
मग या दोरीवर, पार कोरडं होईस्तोवर.
दमट कापड अंगाला लावायचं नाही.
दिवसा बाहेर उन्हात टाका, बर्फावरचं ऊनही ऊनच,
आणि सूर्याला कुणाची लाज नसते.
चार-पाच तासांनी बदला,
वर्ग चालू असला तरी उठा, मास्तरांशी मी बोलते.
तव्यावर मीठ गरम करून, मोज्यात भरून, पोटाशी.
तारीख वहीत.
आणि तासाला एक पॅड भिजायला लागलं
तर मला झोपेतून उठवा, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ.

सगळ्यात धाकटी बोलोरचुलून. तिनं विचारलं,
कुत्र्यांना वास येतो का?
येतो, मी म्हटलं. कुत्र्यांना सगळ्याचाच येतो.

महिनाअखेरीस लुव्सनदाश आला, मोटारसायकलवर,
मिशीला बर्फाचे खडे.
निरोप मीच धाडला होता: मुलीसाठी पॅड आणा,
दुकानात मिळतात, निळं पाकीट.
त्यानं कोटाच्या आतून पाकीट काढलं,
भिंतीकडे बघत माझ्या हातात दिलं.
निळंच होतं.
तान्ह्या बाळाचे लंगोट. सहा ते नऊ किलो.
वर एक बोळकं पोर हसत होतं.
मिचिदमा लाल झाली, मग फिस्सकन हसली,
मग अख्खी खोली.
(लंगोट स्वयंपाकीणबाईच्या नातवाला झाले.)
तो टोपी घालून निघून गेला.
वाटलं, दुखावला.

मग ठोकल्याचा आवाज आला.
मैदानाच्या टोकाला आमचा संडास,
त्याच्या दाराला कडी नाही, अर्ज करून मी थकले.
एक आत, दुसरी बाहेर दार धरून,
तिथेही पाळीच लागलेली.
लुव्सनदाशनं लगामाची एक कडी मोडून आणली होती,
हातमोजे दातात धरले होते, खिळे बारीक म्हणून.
आत जाऊन कडी लावून पाहिली.
उघडली. पुन्हा लावली.
एवढा वेळ आत राहिला की मला काळजी वाटली.

या गुरुवारी फळ्यावर मिचिदमाचं नाव होतं.
तिनं खडू मागून घेतला,
नाव पुसून पुढच्या मंगळवारी लिहिलं,
आणि रिकाम्या जागी, बारीक अक्षरात:
पाळी आली आहे, म्हणून पाळी बदलली.

व्याकरण बरोबर होतं.
मी पुसलं नाही.